बुर्गीची चकती

"ए, ठेव ती खाली!"

मी इतक्या जोरात ओरडले की गोठलेल्या तळ्यावरचे सगळे थबकले. तो नवा पाहुणा मात्र वळूनही न बघता चकती सोडून मोकळा झाला. लोखंडी कड्याची, वर दांडा असलेली माझी लाकडी चकती बर्फावरून सुळकन घसरत गेली आणि थेट नेमाच्या ठोकळ्याला बिलगली.

राग आला तो त्याचाच! ठोकळा असा गाठायला मला सात हिवाळे लागले होते.

"सॉरी हं... बाकावर ठेवलेली दिसली." कानांपर्यंत ओढलेली टोपी, नाकाचा शेंडा लालबुंद.

"दांड्यावर 'बुर्गी' कोरलंय. वाचता येतं ना?"

"येतं की. गोड नाव आहे."

काठावर उभी माझी मावशी खिदळली, तिला काय! आमच्या पठारावर स्वतःची चकती घरच्या माणसाशिवाय कुणाच्या हाती देत नाहीत. आणि बाहेरच्याला दिलीच, तर तो बाहेरचा राहत नाही.

मावशीच्या लॉजवर आलेल्या पाहुण्यांना आठवडाभर बर्फातले खेळ शिकवणं हे माझं काम. हा ऑरेलियो खालच्या सपाटीवरच्या फेरारा शहरातला. तिथे वडिलांच्या दुकानात सायकली दुरुस्त करतो आणि संध्याकाळी आजोबांबरोबर वाळूत लाकडी गोळे फेकून खेळतो. हात तिथेच बसलेला. पण उतार म्हटला की...

सोमवारी स्कीवर अकरा वेळा पडला.

"उतार जास्त आहे इथे," तो बर्फातूनच म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"दुरून डोंगर साजरे हेच खरं."

"मग दुरूनच बघायचे होतेस."

"आमच्याकडून दिसतच नाहीत ना! आणि दिसले असते, तरी तू कुठे दिसली असतीस?"

मी त्याचे बूट आवळायला खाली वाकले. गरज नव्हती, ते आवळलेलेच होते.

बुधवारी बर्फात न रुतणारे जाळीचे बूट घालून रानात गेलो. फांदीवरचा बर्फ माझ्या खांद्यावर पडला, तो त्याने हातमोजा काढून बोटांनी झटकला. फार सावकाश... मी दुसरा खांदाही पुढे केला.

गुरुवारी घसरगाडी. पुढे मी, मागे तो. वळणावर टाचा रोवायचं काम त्याचं. त्याने काही त्या रोवल्या नाहीत, आणि आम्ही बर्फाच्या ढिगात!

"टाचा का नाही रोवल्यास?"

"संपवायची घाई काय होती?"

हसताना त्याच्या पापण्यांवरचा बर्फ विरघळत होता. मी प्रेमात पडले होते. आणि रविवारी त्याची बस होती.

पण त्याआधी शनिवारी चकत्यांचा सामना होता, खालच्या गावाशी. चार वर्षं सलग हरत होतो आणि यंदा कर्णधार मी. नेमका शुक्रवारी माझ्या भावाचा अंगठा मुरगळला. चौथा गडी म्हणून मावशीने ऑरेलियोला पुढे ढकललं. त्याला लॉजची चकती दिली.

शनिवारी अटीतटीला आलं. शेवटची एक फेक उरली, ती ऑरेलियोची; चकती ठोकळ्याला बिलगली तरच आम्ही जिंकणार होतो. त्याने नेम धरला आणि लॉजच्या चकतीचा दांडा उपटून हातात आला! खालचं गाव पोट धरधरून हसलं.

मी माझी चकती उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

हसू एकदम थांबलं. मावशीचा हात तोंडावर गेला. ऑरेलियोने चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घेतली मात्र नाही.

"मावशीने सांगितलंय मला, याचा अर्थ काय होतो ते."

"तिच्या पोटात काही राहतंय होय!"

"मग आधी सांग. सामन्यासाठी देतेस... की माझ्यासाठी?"

"सगळे बघतायत, ऑरेलियो."

"बघू देत. मी थांबतो."

खालच्या गावासमोर आजवर मी मान खाली घातली नव्हती, आता तरी का घालू?

"तुझ्यासाठी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हरलास तरी परत घेणार नाही."

त्याने दोन्ही हातांनी चकती घेतली. वाकला. सोडली. चकती सरळ निघाली, ठोकळ्याजवळ आली... आणि त्याला चाटून वीतभर पुढे जाऊन थांबली.

हरलो. सलग पाचवं वर्ष!

खालचं गाव नाचू लागलं. ऑरेलियो चकती छातीशी धरून माझ्यापुढे उभा राहिला. "सोडताना तुझ्याकडेच बघत होतो गं."

"दिसलं ते."

"परत घेणार?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"मग मीही सांगतो. मला तू पहिल्या दिवसापासून आवडतेस, ओरडलीस तेव्हापासून. आणि हिवाळ्यात आमच्याकडच्या धुक्यात सायकल चालवतंय कोण? दुकान उघडतं मार्चमध्ये."

"म्हणजे उद्याची बस...?"

"जाईल की तिची ती."

"ए, पुरे झालं!" मावशी कडाडली. "हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवायला घालायचंय. पावाचे साठ गोळे वळून उकडायचेत, चला दोघं!"

"मला नाही येत वळता," ऑरेलियो घाबरून म्हणाला.

"शिकवते," मी त्याचा गारठलेला हात माझ्या खिशात घालत म्हणाले. "मार्चपर्यंत येतील तुला वळता."