फक्कीची रेघ

वीज यायला वेळ आहे, तोवर ऐका. आमच्या कचेरीत एक मोजणीदार होता, माझ्या शेजारच्याच टेबलावर. यातलं बरंचसं त्यानेच मला सांगितलं, तेही बऱ्याच वर्षांनी. सरळ माणूस. इतका सरळ, की रेघ ओढायला त्याला पट्टी लागत नसे. म्हणून तर टेकडीचं काम त्याच्याकडे आलं.

टेकडीत दगड चांगला होता. नवा रस्ता आणि इस्पितळ त्यातूनच व्हायचं होतं, खाणीवर कितीतरी घरांच्या चुली पेटणार होत्या. पण त्याच टेकडीत जुन्या लोकांनी कोरलेल्या खोल्या होत्या, पाण्याचं टाकं होतं. वरच्यांनी तोडगा काढला: अर्धी टेकडी खाणीला, अर्धी खोल्यांना. मधली रेघ मोजणीदाराने चुन्याच्या फक्कीने आखायची. दोन्ही बाजू खूश झाल्या. आमच्या कचेरीच्या हातून असं क्वचितच व्हायचं.

खाणीचा व्यवस्थापक निघाला मोजणीदाराचा सख्खा मेहुणा. जेवताना म्हणाला, "भाऊजी, टाक्याखालचा दगड एक नंबर आहे. रेघ जराशी वाकवा की. चुनाच तर आहे." वाढता वाढता बायकोने भावाकडे कौतुकाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोजणीदाराने रेघ ओढली आणि टाक्याशी तिला हलकासा बाक दिला. टाकं आणि त्याच्यालगतची खोली खाणीकडे गेली. लहानपणी बापाच्या खांद्यावरून उतरून तो त्याच टाक्याचं पाणी प्यायला होता.

सुरुंगाच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. रात्री नऊच्या सुमाराला त्याला आठवलं, मोजणीची फीत टाक्यापाशीच राहिली. सरकारी वस्तू हरवण्याएवढं मोठं पाप आमच्याकडे दुसरं नव्हतं. टॉर्च घेऊन तो निघाला. वाटेत मनात आलं, वर फक्कीचं अर्धं पोतं पडलंय. हातासरशी रेघ सरळही करता येईल.

टेकडीवर वारा नव्हता. फीत सापडली. पोतंही सापडलं. त्याने मूठ भरून चुना घेतला... आणि कोरलेल्या खोलीतून हाक आली.

"कोणी आहे का?"

खाणीची एक रीत असते. सुरुंग पेटवण्याआधी मुकादम तीनदा अशी हाक घालतो. कोणी ओ दिली की काम थांबतं. ओ देणारा कोणीही असो.

मुकादमच असेल म्हणून त्याने टॉर्च मारला. खोली रिकामी. टाक्यातलं पाणी स्तब्ध.

"कोणी आहे का?"

ओ द्यावीशी वाटली. पण दिली, तर पुढचा प्रश्न येणार... तू कोण? मुठीत चुना. काय सांगणार?

"कोणी आहे का...?"

त्याने टॉर्च विझवला. का, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग आतून, हळू, थकलेला आवाज. "म्हणजे कोणी नाही."

तो पळाला. मूठ वाटेतच कधीतरी सुटली. फीत तिथेच राहिली. रेघही तशीच.

सकाळी मुकादमाने तीनदा हाक घातली. मोजणीदार त्याच्या शेजारीच उभा होता. अजूनही एक शब्द पुरला असता. मेहुण्याने हसून त्याच्याकडे पाहिलं. हा आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

सुरुंग उडाला.

दुपारी घरून निरोप आला, म्हणून तो निघाला. सोबत मीही गेलो. गल्लीत बायका घोळक्याने उभ्या होत्या. सकाळी सुरुंग उडाला त्याच सुमाराला गल्लीभर कोणीतरी फक्की मारली होती. एकेक घर आत घेत रेघ सरळ गेली होती. फक्त त्याच्या दाराशी तिला बाक होता. हलकासा.

मेहुण्याने पोरांवर ढकललं. बायकोने नवऱ्याला विचारलं, "सगळी घरं आत, आपलंच कसं बाहेर?"

मी वाकून रेघेला बोट लावलं. डोक्यावर कडक ऊन होतं. फक्की कोरडीच मारतात. पण सकाळपासूनचा हा चुना...

अजून ओला होता.