लिंबू न झेलणाऱ्या अकराजणी

हेलनचं लग्न झालं ते साल १९९६. नाताळनंतरचा रविवार धरला होता, आणि आठवडाभर आधीपासूनच वसईजवळच्या राजोडीतल्या तिच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. हेलनची धाकटी बहीण रोझलिन बारा वर्षांची आणि भाऊ ग्लेन दहाचा. दोघांना जो दिसेल तो पिटाळत होता. खुर्च्या मोजा, पत्रिका द्या, बकरी बांधा!

सोमवारी दुपारी पप्पांनी, म्हणजे थॉमसनी, मांडवातूनच हाक मारली.

"रोझलिन! वसतिगृहात जाऊन हिल्डा मिसना सांग, रविवारी संध्याकाळी पन्नास मुलींचं जेवण आपल्याकडून. जिलबी आहे म्हणावं!"

त्या भागातली ती रीतच होती. लग्न असो, बाप्तिस्मा असो, नाहीतर कुणाचं वर्षश्राद्ध, आगाशीच्या रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाला एक गोड जेवण जायचंच. तिथल्या मुली जव्हारकडच्या डोंगरपाड्यांवरून शिकायला आलेल्या. त्यांच्या मुखी चार घास गोड पडावेत, एवढीच देणाऱ्याची इच्छा.

वाटेत संकेत भेटला. तो रोझलिनच्या वर्गातला. त्याचे बाबा मुंबईत नोकरीला होते आणि आगाशीतल्या नव्या इमारतीत त्यांचा फ्लॅट होता.

"जिलबी? मीपण येतो!" संकेत म्हणाला.

"जिलबी रविवारी आहे, हावरटा!" ग्लेन म्हणाला. "आज नुसता निरोप."

"मग निरोपाला येतो. रविवारी ओळख उपयोगी पडेल!"

वसतिगृह सांभाळणाऱ्या हिल्डा मिस देवळात गेल्या होत्या, म्हणून थांबावं लागलं. निरोप देऊन तिघं निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. वसतिगृहामागच्या वाडीत एक बावखल होतं, शेवाळलेल्या पाण्याचं जुनं तळं. त्याच्या काठाने मुली हातपाय धुऊन परतत होत्या. एकीमागे एक. प्रत्येकीने पुढचीच्या झग्याचं टोक मुठीत धरलेलं.

"आगगाडी!" ग्लेन ओरडला. "कूऽऽक! झुकझुकझुक!"

कुणीच हसलं नाही. रांग तशीच मुकाट्याने पुढे सरकत राहिली. शेवटची मुलगी सगळ्यांत लहानखुरी. तिचे हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. ग्लेनच्या ओरडण्याने ती दचकली, तिच्या मुठीतलं टोक सुटलं. ती दोन पावलं चाचपडली, वळली आणि सरळ, अगदी रस्त्यावरून चालावं तशी, बावखलात चालत गेली!

धप्प!

"अगं ए!" रोझलिन धावली. संकेतने चपला भिरकावून उडी मारली. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं, पण त्या पोरीच्या डोक्यावरून जात होतं. दोघांनी तिला ओढून काठावर आणलं. ती खोकत होती, थरथरत होती.

"एवढं मोठं तळं दिसलं नाही तुला?" संकेत म्हणाला.

"पानी दिसला नाय," ती म्हणाली, आणि एकदम घाबरून रोझलिनचा हात घट्ट धरला. "ताई, मिसना नका सांगू! पाया पडते!"

"का गं?"

"मागल्या साली लखमीला दिसत नव्हता. मिसनी तिला घरी धाडली. आजारी पोरी नकोत म्हनल्या. मंग तिची शाला सुटली ती सुटलीच. ताई, मी चौथीत पयली आली. नका ना सांगू!"

तिचं नाव शुक्री. ती दहा वर्षांची होती, पण ग्लेनपेक्षा वीतभर बुटकी. रोझलिनने तिला वचन दिलं. वचन देताना तिला कल्पनाही नव्हती की ते किती जड जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा वसतिगृहाच्या कुंपणाशी हजर झाले. शुक्री अंगणात लंगडी खेळत होती. तिला सगळं दिसत होतं. झाडावरचा सरडासुद्धा तिनेच दाखवला!

"काल नाटक केलं हिने," संकेत कुजबुजला.

"नाटक करायला कुणी बावखलात जातं का, शहाण्या?" रोझलिन म्हणाली. "दिवसा दिसतं आणि अंधारलं की दिसत नाही. बघायला हवं, अशा किती आहेत ते."

"कसं बघणार? विचारलं तर एकही कबूल होणार नाही."

रोझलिनने विचार केला. घरी लग्नासाठी टोपलीभर लिंबं आणून ठेवली होती. "विचारायचं नाही. खेळायचं!"

ती नाताळची आदली संध्याकाळ होती. मोठी माणसं देवळाच्या गडबडीत. सूर्य बुडाला आणि अंगणात लिंबू-झेल सुरू झाली. रोझलिन पाच हातांवरून अलगद लिंबू टाकायची, समोरच्या मुलीने ते झेलायचं. ग्लेनला, रोझलिनला, संकेतला लिंबू स्पष्ट दिसत होतं. पण काही मुली हात पुढे करून नुसत्या उभ्या राहत. लिंबू कपाळावर आपटलं की मग त्यांना कळायचं. ग्लेन बोटं मोजत होता.

"अकरा!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ताई, अकराजणी! मी काल यांना कूऽक केलं गं."

"आता रडू नकोस. डोकं चालव."

डोकं चाललं ते संकेतचं. त्याने प्रत्येकीला सहज विचारून घेतलं, दिवाळीच्या सुट्टीत कुठे होतात म्हणून. ज्यांनी लिंबू झेललं त्या बहुतेक सगळ्या दिवाळीत घरी जाऊन आल्या होत्या. ज्यांना झेलता आलं नाही त्या अकराही इथेच राहिल्या होत्या. त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर कामाला गेलेले, पाड्यावरच्या घराला कडी लागलेली.

"म्हणजे रोग घरून येत नाही," संकेत म्हणाला. "इथे लागतो. आणि घरी गेलं की बरा होतो!"

"शुक्री, घरी काय खाता तुम्ही?" रोझलिनने विचारलं.

शुक्रीचा चेहरा उजळला. "नागलीची भाकर. शेवग्याचा पाला. नदीतले बारके मासे, डोक्यासकट! खेकडं. भोपला. सुकट."

"आणि इथे?"

"भात. डाल. बटाटा." तिने आमटी किती पातळ असते ते हवेत बोट फिरवून दाखवलं. "आन् कोनाच्या घरी काय असला का गोड."

"आई भेटायला येते तेव्हा काही आणत नाही?"

"आनते की! सुकट आनते, पाला वाळवून आनते. मिस दारातच घेतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दारातच घेतात! मग ते जातं कुठे?

नाताळ झाला. गुरुवारी दुपारी वसतिगृह जेवून आडवं झालं होतं, तेव्हा तिघं मागच्या बाजूने शिरले. स्वयंपाकघराला लागून कोळशाची एक खोली होती. तिच्या खिडकीचा एक गज निखळलेला. ग्लेन बारीक, तो आत गेला.

"काय आहे?" संकेतने विचारलं.

"वास आहे! सुकटीचा!" आतून आवाज आला. "आणि गाठोडी! ताई, खूप गाठोडी आहेत! प्रत्येकावर चिठ्ठी लावलीय. नाव आणि तारीख. शुक्रीची तर तीन आहेत. उंदरांनी... आ... आऽऽक्छी!"

शिंक अशी की पत्र्यावरचे कावळे उडाले! दोनच मिनिटांत किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला आणि हिल्डा मिस दारात उभ्या राहिल्या. पांढरीशुभ्र साडी, केसांचा घट्ट अंबाडा.

"थॉमसची मुलं तुम्ही! आणि चोरासारखी खिडकीतून?"

"मिस, ही मुलींची गाठोडी..." रोझलिन म्हणाली.

"मग? मी खाल्ली का? एकूणएक जपून ठेवलीत. मे महिन्यात जिची तिला परत. या मुलींना चार माणसांत बसायला शिकवतेय मी. वर्गात यांच्या कपड्यांना सुकटीचा वास आला की बाकीच्या नाक मुरडतात, ते मी पाहिलंय! डोंगरात कोण देणार होतं यांना पांढरा भात रोजच्या रोज?"

त्या खरंच बोलत होत्या. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. सांगून टाकावं? अकराजणींना संध्याकाळी दिसत नाही म्हणून? शब्द अगदी ओठांवर आला. पण लखमी आठवली. सांगितलं की अकराही जणी घरी, आणि घरांना कडी लागलेली.

ती ग्लेनचा हात धरून घरी निघाली.

शुक्रवारी शुक्रीला ताप आला. लिंबू झेलणाऱ्यांपैकीही तिघी तापल्या. "थंडीचा आहे," हिल्डा मिस म्हणाल्या आणि चौघींना आतल्या खोलीत ठेवलं. मांडवात बँडवाले आले, हेलनला हळद लागली, सगळे नाचले. रोझलिन मांडवाच्या खांबाशीच बसून राहिली.

"सांगून टाक," ग्लेन म्हणाला.

"वचन दिलंय."

"मग सांगू नकोस," संकेत एकदम म्हणाला. "दाखव! रविवारी जेवण द्यायला सगळे येणार ना? तुझ्या पप्पांनी त्या मीरा डॉक्टरना बोलावलंय ना लग्नाला? मग त्यांनाच खेळ बघायला बसवू. डॉक्टरांच्या देखत मिस कुणाला घरी धाडतात, बघूया!"

रविवारी देवळातून वरात निघाली, आणि संध्याकाळी पातेली घेऊन घरचे लोक वसतिगृहात पोचले. थॉमस, दोन काका, आगाशीत दवाखाना असलेल्या मीरा डॉक्टर. अंगणात पाट मांडले. भात, बटाट्याची भाजी, जिलबीचा डोंगर.

"आधी खेळ!" संकेतने आरोळी ठोकली. "मुलींनी पाहुण्यांसाठी खेळ बसवलाय!"

"आता? दिवेलागणीला?" हिल्डा मिसच्या कपाळाला आठी पडली.

"होऊ द्या हो मिस, लग्नघर आहे!" थॉमस हसले.

मुली रांगेत उभ्या राहिल्या. रोझलिनने पहिलं लिंबू टाकलं. झेललं! टाळ्या. दुसरं. झेललं! तिसरं एकीच्या छातीवर आपटून खाली पडलं. ती वाकली आणि हाताने माती चाचपू लागली. लिंबू तिच्या पायाशीच होतं. काका हसले. मग पुढची. मग पुढची. हसणं विरळ होत गेलं आणि मग थांबलंच. अंगणात नुसता लिंबू पडल्याचा आवाज येत राहिला.

मीरा डॉक्टर उठल्या. मातीत चाचपणाऱ्या मुलीसमोर बसून त्यांनी विचारलं, "बाळ, मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

मुलीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मी तुझ्यासमोर आहे, ते तरी दिसतंय का?"

"आवाज येतोय," मुलगी म्हणाली.

"दहाजणी आहेत," रोझलिन पुढे आली. "अकरावी आत आहे. तिला तीन दिवस ताप आहे. डॉक्टर, तिला बघा ना. आधी तिला बघा!"

डॉक्टर धावतच आत गेल्या. कंदील मागवला. चौघींच्याही अंगावर पुरळ होतं, पण शुक्रीचा श्वास भरभर चालला होता. डॉक्टरांनी तिची पापणी वर केली आणि कंदील डोळ्याजवळ धरला.

"गोवर आहे," त्या म्हणाल्या. "आणि अंगात अ जीवनसत्त्वाचा कण नाही. नुसता रातांधळेपणा असता तर चमचाभर औषधानं आणि ओंजळभर पाल्यानं गेला असता. पण अशा अंगावर गोवर आला की फार वाईट. गाडी काढा, थॉमस! आत्ता!"

तेवढ्यात रोझलिनने डॉक्टरांना लखमीचं सांगितलं, आणि एकाही मुलीला घरी धाडणार नाही असं डॉक्टरांनी मिसकडून कबूल करून घेतलं. एका काकांनी नवरीची फुलं लावलेली गाडीच वसईच्या दवाखान्याकडे काढली. शुक्रीला रोझलिनच्या मांडीवर ठेवलं. वाटेत शुक्रीने डोळे न उघडताच विचारलं, "ताई, मिसना कललं?"

"कळलं. पण शाळा सुटणार नाही हं तुझी. कुणाचीच नाही. डॉक्टरांनी मिसकडून कबूल करून घेतलंय."

शुक्रीने मान हलवली.

इकडे अंगणात जिलबीला कुणी हात लावला नाही. हिल्डा मिसनी स्वतः कोळशाची खोली उघडली, एकेक गाठोडं बाहेर आणलं आणि पायरीवर बसून चिठ्ठ्यांवरची नावं वाचू लागल्या. दोन नावांनंतर त्यांना पुढे वाचता येईना.

"चूक तुमची एकटीची नाही, मिस," थॉमस म्हणाले. "आमच्या वाडीत शेवग्याचा पाला आम्ही बकऱ्यांपुढे टाकतो. पपया कावळे खातात. भोपळा कुणाला द्यायचा तर आम्हाला लाज वाटते! देणं म्हणजे जिलबी, असं धरून बसलो आम्ही."

सोमवारी सकाळी राजोडीहून पहिली हातगाडी निघाली. पाला, माठाच्या जुड्या, पपया, लाल भोपळे. मंगळवारी पापडी गावाहून दुसरी आली. उरलेल्या सगळ्या मुलींना डॉक्टरांनी औषध पाजलं, आणि तापातल्या तिघीही बऱ्या झाल्या. वसतिगृहात सुकटीची चटणी झाली आणि हिल्डा मिस मुलींच्या पंगतीत बसून तीच जेवल्या. आठवड्याभरात दहाजणी झग्याची टोकं न धरता बावखलावरून परतू लागल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी देवळासमोर सगळ्यांच्या देखत मीरा डॉक्टरांनी तिघांना पुढे बोलावलं. "आम्ही मोठी माणसं वर्षानुवर्षं या मुलींना जेवण वाढत होतो," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे नीट पाहिलं ते या तीन मुलांनी. दहा मुलींचे डोळे यांनी वाचवले." थॉमसनी पोरांच्या पाठीवर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संकेत खाली बघत होता. ग्लेन रडत होता. रोझलिन मनातल्या मनात दिवस मोजत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारी शब्द ओठांवर आला होता.

"तू वचन पाळलंस," हिल्डा मिस तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या. "तुला वचन द्यावं लागलं, ते माझ्या भीतीपोटी. हे तू तुझ्यावर घेऊ नकोस, बाळ."

रोझलिनने त्यांचा हात धरला.

शुक्री आदल्या दिवशी, शनिवारी, ४ जानेवारी १९९७ रोजी पहाटे वसईच्या दवाखान्यात वारली. ती दहा वर्षांची होती.