उतरल्याची वेळ

इस्लामपूरच्या पाहुण्यारावळ्यांत वीरधवलची थट्टा ठरलेली होती. हा माणूस पंगतीत बसला तरी आधी आमटी तपासल्याचा कागद मागेल, म्हणायचे. सैन्यात वीस वर्षं विमानं उडवून आलेला गडी आता पलूसच्या पुढं, माळावरच्या एका लहानशा उड्डाणशाळेत शिकवत होता. शाळेचं दोन आसनी विमान दुरुस्तीला उघडलं, की जोडल्यावर पहिल्यांदा ते हवेत न्यायचं काम त्याचं. त्याआधी काय उघडलं, काय बदललं, कोणी तपासलं, हे ओळ न ओळ वाचायची जबाबदारीही त्याचीच. इंजिनिअरची सही म्हणजे काम झालं. वैमानिकाची सही म्हणजे विमान वर जाऊन नीट खाली आलं. ही दुसरी सही बघितल्याशिवाय चाक हलवायचं नाही, असं त्यानं पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्या पोरांत त्याची एकुलती एक लेकही होती, संयोगिता.

एवढा काटेकोर माणूस, पण त्यालाही एक खोड लागली होती, आणि ती भिडेपोटी लागली. इंजिनिअर विष्णुपंत सांगलीचे, साठी उलटलेले. आदल्या दिवशी येऊन काम उरकायचे, मुक्काम करायचे आणि सकाळी साडेनऊच्या एसटीनं परतायचे. थंडीत कृष्णाकाठचं धुकं मात्र दहाच्या आत माळावरून हलत नाही. म्हणजे उड्डाण एसटीच्या नंतर, आणि दोन्ही सह्यांचा कागद पंतांना एसटीच्या आधी हवा.

"कॅप्टन, सही तेवढी करून ठेवा. वेळा मागून भरा," पंत म्हणायचे.

म्हाताऱ्या माणसाला फाट्यावर तिष्ठत कशाला ठेवायचं? वीरधवल शेऱ्यात 'समाधानकारक' लिहायचा आणि खाली सही ठोकायचा. उडाल्याची आणि उतरल्याची वेळ, हे दोन रकाने कोरे. मूळ कागद पंतांच्या पिशवीत जायचा, कार्बन प्रत हँगरमधल्या टेबलावर राहायची.

नोव्हेंबरात पहिल्यांदा ते दिसलं. विमानाकडे निघताना त्यानं सहज प्रत चाळली, तर रकाने भरलेले. उडालं १०.२५, उतरलं १०.४२. अक्षर त्याचंच. चारचा आकडा वरून उघडा, तो काढतो तसाच. सवयीनं लिहून बसलो की काय, म्हणून तो स्वतःशीच हसला. उतरून इंजिन बंद केलं आणि मनगटाकडे पाहिलं, तर १०.४२ झाले होते.

त्यानं पंतांना फोन लावला.

"माझ्याकडच्या कागदावर वेळा कोऱ्याच आहेत की," पंत म्हणाले. "प्रतीवर कुठून येतील? सकाळी सकाळी माझी फिरकी घेताय होय?"

डिसेंबरात वेळा तर होत्याच, शिवाय शेऱ्यात एक ओळ जास्तीची होती. डावा ब्रेक ओढतो. त्यानं मेकॅनिक आकारामला बोलावलं. दोघांनी मिळून ब्रेक दोनदा तपासला, ठणठणीत होता. तो उडाला, पंधरा मिनिटांनी विमान पट्टीवर टेकलं आणि डावीकडे खेचलं गेलं. पुन्हा आगाऊ सही करायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पण जानेवारीत पंत खोकत, पिशवी खांद्याला लावून समोर उभे राहिले. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. प्रतीवर वेळा आपोआप उमटतात म्हणून? वीरधवलनं सही केली.

एसटी गेल्यावर त्यानं प्रत उचलली. उडाल्याची वेळ १०.२०. पुढचा रकाना कोरा.

तो बघत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आकडा येईना. वीरधवल घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला. मग त्याला सुचलं की आपण उडायचंच नाही. वैमानिकाचा हा एक अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही. राहिली केलेली सही. ती खोडायची तर शेजारी कारण लिहायला लागतं, तसा नियमच आहे. तो पेन हातात धरून बसला आणि त्याला कारण सापडेना. शेवटी त्यानं प्रत घडी करून खिशात घातली आणि पंतांना फोन लावायला फाटकाकडे चालू लागला. माळावर रेंज तिथंच मिळायची.

पंतांचा फोन लागेना. एसटी कुठल्या तरी वळणात असेल. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

धुकं विरलं, तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला.

तो पळत सुटला. अर्ध्या वाटेवर विमान त्याच्या डोक्यावरून गेलं. घड्याळात १०.२० झाले होते.

हँगरपाशी आकाराम हात पुसत उभा होता.

"कोण गेलं?"

"ताईसाब. आज त्यास्नी एकटं उडायचं हुतं न्हवं?"

"चाचणी झाली नव्हती, आकाराम!"

आकारामनं त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "आवं सायेब, असं काय करताय? तुमीच तर फिरून आलासा. धुक्यातनं उतरलासा. म्या हात केला, पर तुमी बघितलं न्हाई. इंजनाला हात लावला म्या, गरम हुतं."

वीरधवलनं रेडिओ ओढून घेतला. "संयू, ताबडतोब उतर."

"पप्पा? काय झालं?"

"कागद बघितलास?"

"बघितला की. तुम्हीच शिकवलंय. टेबलावर होता. उडालं ९.४०, उतरलं ९.५८, समाधानकारक, खाली तुमची सही."

त्यानं खिशातून प्रत काढली. रकाना कोराच होता.

"बरं. वळण घे आणि उतर. बोलत राहा."

"उजवीकडे कृष्णा दिसतेय. वळतेय आता." आवाज शांत होता. मग वळून झाल्यावर, "पप्पा, पट्टी कुठाय?"

"तुझ्या समोर."

"समोर नुसता ऊस आहे."

इंजिनाचा आवाज त्यांच्या डोक्यावर होता. आभाळ स्वच्छ निळं होतं. विमान नव्हतं.

"आनि इकडंच घुमतंय की," आकाराम पुटपुटला.

"परत एक फेरी घे, संयू."

"घेतेय. पप्पा, खाली ऊसच आहे सगळा. रस्ता नाही, हँगर नाही. कृष्णापण दिसेना आता."

त्यानं दिशा सांगितल्या, उंची सांगितली, वीस वर्षांत शिकलेलं सगळं सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला "हो पप्पा" म्हणत राहिली.

टाकीत चार तासांचं इंधन होतं.

दोन वीसला त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. आवाज थांबला नाही.

पाचला रेडिओ गप्प झाला. आवाज चालूच होता.

पुढं शोध झाला. पोलीस आले, वरून दुसरी विमानं फिरली, माणसांनी पार नदीपर्यंत उसाचे फड पालथे घातले. पत्र्याचा एक तुकडाही सापडला नाही. विष्णुपंत आले, माळावर उभे राहिले आणि त्यांनी वर कान लावला.

"नोंदवहीत इंजिनाचे तास कोण चढवतंय, कॅप्टन?" त्यांनी विचारलं. "रोज चोवीस वाढतायत. अक्षर तुमचं आहे."

"मी नाही," वीरधवल म्हणाला.

आता तो रोज सकाळी, धुकं विरलं की, त्या टेबलाशी बसतो. खिशातली प्रत उलगडतो आणि उतरल्याच्या वेळेच्या रकान्यात पेन टेकवतो. सही खरी करायला आता एवढंच उरलं आहे. त्यानं शाई बदलली, पेन बदललं, पेन्सिलही वापरून पाहिली. कागदावर बाकी सगळीकडे उमटतं, तिथं उमटत नाही.

वर आवाज फेरी घालत असतो. प्रतीवर खाली एक नवी ओळ आलेली असते. तारीख आजची, अक्षर त्याचं, आणि शेरा समाधानकारक.