धक्क्यावरचा दिवा आणि पोवळ्यांची रात्र

समुद्र तोच, पाणी तेच. मग धक्क्याजवळचीच पोवळी पांढरी का पडत होती?

मैथिली तांडेलला हा प्रश्न सकाळपासून छळत होता. धक्क्यालगत, पाण्याखालच्या जाळीवर तिच्या आईने पोवळ्यांची रोपवाटिका वाढवली होती. ती मोठी झाली की दूरच्या उजाड खडकावर लावायची. त्या खडकाच्या पाहणीसाठी आई होडी घेऊन गेली, त्याला पंधरवडा झाला. आज ती परतायची होती, पण काल वारा सुटल्यापासून होडीशी संपर्कच नव्हता. आई आली आणि पोवळी मेलेली दिसली तर? आणि आई... त्यापुढचा विचार मैथिली मनात येऊच देत नव्हती.

"तापमान ठीक, खारटपणा ठीक," कुर्ली म्हणाली. कुर्ली म्हणजे रोपवाटिका सांभाळणारा खेकड्याच्या आकाराचा यंत्रमानव. चालणं तिरकं आणि बोलणंही. "तू पुन्हा विचारलंस तरी ठीकच सांगणार."

मैथिलीचे आजोबा निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ. ते कुर्लीच्या पडद्यावर वाकले. "जाळीच्या लांबच्या टोकाची बरी आसत, फक्त हयचीच फिकी," ते पुटपुटले आणि मान वर करून बघतच राहिले. भर दिवसा धक्क्यावरचा दिवा जळत होता.

वाडीची रीतच तशी होती. घरचं माणूस समुद्रावर असेपर्यंत हा दिवा विझवायचा नाही. आईला लांबूनही दिसावा म्हणून यंदा मैथिलीने चांगला प्रखर दिवा लावला होता, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

"चेडवा, पोवळ्यांका रात होया," आजोबा नातीला म्हणाले.

पोवळ्यांना रात्र का हवी, हे मग त्यांनी समजावलं. पोवळं हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. पोवळं शैवालाला घर देतं, आणि शैवाल दिवसा सूर्यप्रकाशात साखर बनवून पोवळ्याला खाऊ घालतं. याला सहजीवन (एकमेकांच्या आधाराने राहणं) म्हणतात. साखर बनताना प्राणवायूही सुटतो. त्यातून पेशींना इजा करणारे पदार्थ तयार होऊ शकतात, म्हणून पोवळं पहाटेच्या आधीच बचावाची तयारी करतं. सूर्य उगवायच्या आत त्याला हे कळतं कसं? जैविक घड्याळामुळे (शरीरात आपोआप चालणारं दिवसरात्रीचं वेळापत्रक). रात्री शैवालाचं काम थांबतं, पोवळं झालेली इजा भरून काढतं आणि बारीक शुंडकं बाहेर काढून पाण्यातले इवलेसे जीव पकडतं.

"आणि रात्र झालीच नाही तर?" मैथिलीने विचारलं, पण उत्तर तिला कळलं होतं.

"घड्याळ गोंधळतं," कुर्ली म्हणाली. "तयारी चुकते, इजा साठत जाते. शेवटी पोवळं शैवालालाच बाहेर काढतं. रंग जातो आणि जेवणही."

आजोबांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. मैथिलीने तो घट्ट धरला. "नको, आजोबा. आई येवची आसा."

आजोबांचा हात थांबला. "माका काय भीती वाटत नाय?" ते हळू म्हणाले. आई त्यांचीच तर लेक होती.

सूर्य कलायला लागला होता. आईची पोवळी जगवायची, की आईला वाट दाखवायची? मैथिलीने आजोबांचा हात सोडला. तिने विचारलं, "कुर्ली, त्यांना कुठला उजेड जास्त कळतो?"

"निळा. तो पाण्यात खोल जातो आणि त्यांचं घड्याळ मुख्यतः त्यावरच लागतं. पांढऱ्या दिव्यात निळा असतोच. लाल उजेड मात्र पाण्यात लवकर विरतो."

मैथिली घराकडे धावली. माळ्यावर दिवाळीचा आकाशकंदील होता, आईने स्वतः लाल जिलेटीन कागद लावून केलेला. तिने तो आणून दिव्याभोवती चढवला.

"लाल दिवो लांबसून कमी दिसतलो," आजोबांनी खरं ते सांगितलं.

"पण दिसतलो मा?"

"दिसतलो."

दिवस मावळला. समुद्र काळवंडला. होडीचा पत्ता नव्हता. आपण चूक तर केली नाही ना, या विचाराने मैथिलीला रडू यायला लागलं.

मग इंजिनाची धडधड ऐकू आली.

आई धक्क्यावर चढली ती भिजून चिंब. "आधी वाटला, दिवोच नाय," ती म्हणाली. "काळीज धडधडाक लागला. मगे तांबडो कंदील दिसलो. दिवाळी नसताना माझो कंदील कोण लावतलो, तर माझाच चेडू."

मैथिली तिला बिलगली. रडता रडता तिने पांढऱ्या पोवळ्यांचं सगळं सांगून टाकलं. आई रागावली नाही. ओल्या अंगानेच पडद्यापाशी बसली.

"शैवाल अजून थोडं शिल्लक आहे," कुर्ली म्हणाली. "रोज रात्र मिळाली तर रंग परत येऊ शकतो. खात्री देत नाही."

पडद्यावर बराच वेळ काहीच हललं नाही. मग एका फिकट पोवळ्यातून एक शुंडक भीत भीत बाहेर आलं, त्याच्या शेजारी दुसरं.

"घरातली सगळी दिवे बघून जेवतत, ही पोवळी काळोख बघून," आई म्हणाली. "चला, आता आपणय जेवूया."

निघताना मैथिलीचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. घरचं माणूस घरी आलं होतं. तिने दिवा विझवला.