हळदीकुंकवाला आलेला मामा

माझी नात अपूर्वा रूपाने माझ्यावर गेली आणि हट्टानेही, त्यामुळे तिला ऐरागैरा कुणी पटणार नाही हे मला ठाऊक होतं. पटला तो पावसाने आणून सोडलेला. तोही जयपूरच्या ऐन थंडीतल्या पावसाने… इकडची माणसं त्याला मावठ म्हणतात.

अपूर्वा वैशाली नगरच्या एका शाळेत समुपदेशक आहे. म्हणजे नववी-दहावीच्या पोरांच्या मनात काय सलतंय ते ऐकायचं आणि त्यांच्या आईबापांशीही बोलायचं. पोरं यायची. आईबाप मात्र फिरकत नव्हते. आमच्या मुलाला काय वेड लागलंय, म्हणायचे. ही आपली रोज चहाचे दोन कप मांडून बसायची आणि दोन्ही स्वतःच प्यायची.

त्या दिवशी शाळेतल्या तिच्या खोलीच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावर धुकं.

"या ना, बसा," अपूर्वा लगबगीने उठली. "पालक ना तुम्ही?"

"मामा. दहावीतल्या प्रणालीचा." चष्मा पुसायला त्याने शर्टाचा कोरडा कोपरा शोधला, सापडला नाही. "मतलब… भाचीला न्यायला आलो होतो. पाऊस आला, आणि हेच एक दार उघडं दिसलं."

"म्हणजे माझ्याकडे नाही आलात."

"नव्हतो आलो." बिनचष्म्याच्या डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत राहिला. "आता आलोय असं समजा."

अपूर्वाने दुसरा कप त्याच्यापुढे सरकवला. तुम्ही म्हणाल, म्हातारीला हे कसं कळलं? अपूर्वा मला सगळं सांगते. जे सांगत नाही, ते तिचे कान लाल होऊन सांगतात.

निलय त्याचं नाव. सांगानेरच्या हातकागदाच्या कारखान्यात डिझाइन करतो. बाप फौजेतला, आमच्यासारखाच साताऱ्याकडचा, पण पोरगा इथे वाढलेला. मराठी बोलताना ठेचकाळतो. बहीण विजयालक्ष्मी इस्पितळात डॉक्टर, मेहुण्याची बदली सीमेवर, म्हणून भाचीकडे बघायचं ते यानेच. आणि भाची दिवाळीपासून दार लावून बसलेली. ताट दाराबाहेर ठेवावं लागायचं.

मग दर गुरुवारी अपूर्वाकडे आधी प्रणाली जायची, नंतर हा. हळूहळू पोरगी दार उघडून टेबलावर जेवायला बसू लागली. तरी याच्या फेऱ्या काही थांबेनात.

"आज प्रणाली नाही आली," अपूर्वा म्हणाली. "मग तुम्ही कसे?"

"दारावर लिहिलंय ना, पालकांनीही यावं."

"मुलांबद्दल बोलायला यावं."

"बोलतो की. मुलगी छान जेवते आता. तुम्ही… तुम्ही जेवता का कधी? बाहेर? मतलब, नुसती कॉफीसुद्धा चालेल."

अपूर्वाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "प्रणाली माझ्याकडे येतेय तोवर नाही. ती माझ्यापाशी मन मोकळं करते. मी तिच्याच मामाबरोबर कॉफी प्यायला लागले, तर तिने कुणाकडे जायचं?"

त्याने मान हलवली. या उत्तरानंतर तो मला आवडायला लागला, कारण रुसला नाही.

आणि मग मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं. या महिन्यात पालक आले नाहीत तर खोली बंद, तिथे कॉम्प्युटर ठेवू. अपूर्वाने हे निलयला सांगितलं, तर हा म्हणतो, "खोली बंद झाली, तर मग कॉफीला हरकत नाही ना?"

"हरकत नाही," ती म्हणाली, "पण मला चव लागणार नाही."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती तोंड पाडूनच. मी म्हटलं, बायका शाळेच्या खोलीत येत नसतील, पण हळदीकुंकवाला तर येतील. आमचे हे, सुभेदार सर्जेराव, पेपराआडून म्हणाले, "तुला सगळ्यातच नाक खुपसायचं असतं."

"नाक आहे म्हणून खुपसते," मी म्हटलं. "तुम्ही पतंगाचा मांजा सोडवा."

संक्रांतीला दहावीतल्या सगळ्या पोरांच्या घरी बोलावणं धाडलं. नवरा असलेली, गेलेली, सोडून दिलेली, मराठी, राजस्थानी… पोर दहावीत आहे ना, मग ये. घरातून एकीने तरी यायलाच हवं. गच्ची बायकांनी भरली. आजूबाजूच्या गच्च्यांवरून पतंग कापणाऱ्यांचा 'वो काटा'चा ओरडा चालला होता.

तेवढ्यात जिन्यातून निलय वर आला. हातात तिळाच्या लाडवांचा डबा.

"अरे, हे बायकांचं असतं," मी म्हटलं. "आईने शिकवलं नाही?"

"आजीजी, दीदीला ड्यूटी आहे. घरातून कुणीतरी यायलाच हवं, असं म्हणालात ना."

बायकांच्या हसण्याने गच्ची हलली. "मामाजींची ओटी भरा," कुणीतरी म्हणालं. तो मात्र सरळ सतरंजीवर मांडी घालून बसला आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.

शेखावतबाई तोंडाची फटकळ. माझ्याइतकी नाही, पण बरी आहे. तिने विचारलं, "भैया, तुम्ही शाळेतल्या त्या खोलीत जाता म्हणे. काय झालंय भाचीला?"

हसणं थांबलं. अपूर्वाच्या हातातला करंडा जागीच राहिला.

"भाचीचं भाची सांगेल," निलय म्हणाला. "मी माझं सांगतो. मला रागावण्याशिवाय काही येत नव्हतं. तिच्या दारावर मुठी आपटायचो. त्या खोलीत जाऊन मी रडलो. चहा गार होईपर्यंत रडलो. वेड नाही लागलं… उलट बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो."

मग शेखावतबाईच खालच्या आवाजात म्हणाली, "माझा मुलगा गोपालपुऱ्याच्या क्लासमधून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. मला वाटलं, आळशी झालाय."

तिच्या शेजारचीने डोळ्याला पदर लावला. मग तिसरी बोलली. मग तर मला तिळगूळ वाटायला जागा मिळेना.

जाताना जिन्यात अपूर्वाने त्याला गाठलं. मी वरच्या पायरीवर उभी होते. काम काही नव्हतं, ऐकत होते.

"खोली आता बंद होत नाही," ती म्हणाली. "कळतंय ना, तुम्ही काय करून बसलात?"

"कळतंय. कॉफी गेली."

"गेली नाही. प्रणाली दहावी होऊन अकरावीला दुसऱ्या शाळेत जाईपर्यंत थांबली."

"मग मी तिच्या अभ्यासाकडे फार बारकाईने बघणार आहे," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की भिंतीला टेकली.

पुढच्याच सोमवारी खोलीबाहेर पालकांची रांग लागली. ज्या मुख्याध्यापकांना तिथे कॉम्प्युटर ठेवायचे होते, ते स्वतः बाकडी ओढत होते. मी मुद्दाम बघायला गेले होते. "नमस्कार" म्हटलं, आणि जितकं गोड हसता येईल तितकं हसले.

निकाल लागला तेव्हा उन्हाने रस्ते वितळत होते. प्रणाली चांगल्या मार्कांनी पास झाली. संध्याकाळी निलय आमच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, तोही घामाने भिजलेला.

"काय रे, आता कुणाचा पालक म्हणून आलास?" मी विचारलं.

"आज कुणाचाच नाही, आजी." अपूर्वा माझ्यामागे येऊन उभी राहिली, तसा त्याचा आवाज अडखळला. "मला तुम्ही आवडता. मतलब… मतलब बितलब काही नाही. आवडता."

सुभेदारांनी पेपर खाली केला. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"किती उशीर केलात," अपूर्वा म्हणाली. "निकाल तर सकाळीच लागला."

तिच्या पायांत चपला कधीपासूनच होत्या.