एका दिवसाच्या दोन सकाळी

मे महिन्यातल्या एका टळटळीत दुपारी, सव्वादोनच्या सुमारास, मितुल वैष्णवने राजकोटातल्या एका घराची घंटा वाजवली. एवढ्यावरूनच तो बाहेरगावचा आहे हे अख्ख्या गल्लीला कळलं.

समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. मग दार उघडलं. दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी उभी होती. केस मोकळे, डाव्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली, डोळे अर्धे झोपेत, अर्धे भीतीत.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"अं?"

"अहो, कोण वारलं?"

"कोणी नाही... मला फक्त जमनभाई वेकरियांची पंपांची पेढी—"

"कोणीच नाही वारलं?"

"माझ्या माहितीत तरी... नाही."

तिचा चेहरा भीतीकडून रागाकडे निघाला. वाटेत क्षणभर हसू लागलं असावं, पण ती तिथे थांबली नाही.

"पेढी पुढच्या चौकात आहे. चारला उघडते. तुम्ही काय काम करता?"

"मी... लोकांना वेळेचं नियोजन शिकवतो."

तिने त्याला नीट पाहून घेतलं. गळ्यात टाय, पाठीला चिकटलेला शर्ट, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ.

"छान," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं. गल्ली झोपली होती.

चार वाजता पेढीचं शटर वर गेलं तेव्हा आतल्या पहिल्याच टेबलाशी तीच बसलेली. केस बांधले होते, गालावरची घडी गेली होती. मितुलला, का कोण जाणे, जरा वाईट वाटलं.

तिचं नाव खेवना राज्यगुरु. कुठले पंप कुठल्या ट्रकने कुठल्या गावी जायचे, हे सगळं तिच्या हातात. मितुलला अहमदाबादच्या एका सल्लागार कंपनीने पाठवलं होतं. जमनभाईंनी त्याला बोलावलं, कारण त्यांच्या व्याह्यांनीही असा एक माणूस बोलावला होता आणि गेल्या दोन लग्नांत ते दुसरं काही बोललेच नव्हते.

मितुलने पहिल्याच संध्याकाळी निदान केलं. पेढी रोज एक ते चार बंद असते. ती चालू ठेवायची.

"आणि झोप?" जमनभाईंनी दबकत विचारलं.

"झोप रात्री असते, शेठ."

ही माहिती नवीनच असल्यासारखी जमनभाईंनी मान हलवली.

मग मितुल खेवनाच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसू लागला. निरीक्षणासाठी. निरीक्षण हळूहळू कामाच्या हद्दीबाहेर जाऊ लागलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो अशी माणसं घडवायला गावोगाव हिंडत होता आणि इथे एक आयतीच घडून बसली होती. ती फोनवर बोलताना लिहीत नसे. लिहिताना बोलत नसे. चहा पिताना फक्त चहा पीत असे, तोही डोळे मिटून. "आजच हवं" म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती "आज नाही जमणार, उद्या सकाळी निघेल" असं इतक्या गोडव्याने सांगे की माणूस आभार मानून फोन ठेवी. आणि उद्या सकाळी ते निघे! संध्याकाळी तिचं टेबल धुतल्यासारखं स्वच्छ. घरी बाजरीचे रोटले आई भाजायची, भाजी वडील करायचे, भांडी भाऊ घासायचा.

"आणि तुम्ही?" मितुलने विचारलं.

"मी जेवते."

"बस?"

"रविवारी सगळं मी करते. त्या दिवशी ते जेवतात."

इतक्यात मितुलचा फोन किणकिणला. पाणी प्या. त्याने तो बंद केला. पुन्हा किणकिणला. पाठ ताठ करा. बंद. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा खेवनाने मान तिरकी करून पडद्यावरचं वाचलं.

"आईला फोन करा... ह्याला गजर लागतो?"

"कामात राहून जातं."

"आणि त्या? त्या गजर लावतात, की तशाच वाट बघतात?"

मितुल दोनशे माणसांच्या सभेत प्रश्नांना उत्तरं द्यायचा. इथे तो पाणी प्यायला.

"खेवनाबेन, तुम्ही फार टोचून बोलता."

"बेन राहू द्या."

"का?"

तिने खालचा ओठ दाताखाली धरला. "बेनशिवाय टोचलेलं कमी लागतं," ती म्हणाली आणि पुन्हा ट्रकांकडे वळली. कान मात्र लाल झाले होते. उन्हाळा होता, असं समजायला वाव होता.

तिच्या दुपारीत काहीतरी दडलंय, असं मितुलला वाटत होतं. इतकी शहाणी मुलगी तीन तास घरी जाते म्हणजे कारणही तसंच मोठं असणार.

"घरी कोणी आजारी आहे?"

"बाबा आहेत. ठणठणीत. घोरतात."

"शिकवण्या घेता?"

"छे."

"मग दुपारी करता काय?"

"झोपते."

"आणि?"

"कूस बदलते."

तो हसला. ती हसली नाही.

"मितुलभाई, माझ्या दिवसाला दोन सकाळी असतात. एक पहाटेची, एक चारची. दोन्ही वेळा मी ताजी असते, दोन्ही वेळा माझ्या हातून चूक होत नाही. तुम्ही त्यातली दुसरी मागताय. एक आठवडा दुपारी पेढी उघडी ठेवून बघा. तरी नाही पटलं तर पुढेही खुशाल उघडी ठेवा. मी ही नोकरी सोडेन."

"झोपेसाठी... नोकरी?"

"तुम्ही नोकरीसाठी झोप सोडलीत. मी विचारलं का काही?"

तो आठवडा पेढी दुपारभर उघडी राहिली. गिऱ्हाईक एकच आलं. पंख्याखाली बसलं, आणि झोपलं. बाकीचं राजकोट घरी होतं. नोकर चहा पीत होते, एकमेकांना जांभया देत होते. सातला संपणारं काम नऊपर्यंत लांबलं. आठवडा संपता संपता मोरबीचे पंप बोटादला गेले.

तिच्या हातून गेले.

त्या संध्याकाळी ती ड्रायव्हरची फोनवरून माफी मागत होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, आवाज ओला. फोन ठेवून तिने टेबल आवरायला घेतलं. रोजच्यासारखं नाही, कायमचं आवरावं तसं. कुंकवाची छोटी डबी, कंगवा, बडीशेपेची बाटली... मितुल कोपऱ्यात उभा राहून बघत होता. मनगटावरचं घड्याळ त्याचे ठोके मोजत होतं आणि आकडा चांगला नव्हता.

"ते सगळं परत ठेवा," तो म्हणाला. "प्लीज."

दुसऱ्या दिवशी त्याने जमनभाईंना सांगितलं, "शेठ, पेढी दुपारी बंद ठेवा. होतं तेच बरोबर होतं."

"हे सांगायला तुम्हाला अहमदाबादहून आणलं?"

"हो."

"हे माझी बायको मला फुकट सांगते."

"त्यांचं ऐकत जा," मितुल म्हणाला. त्याच्या आयुष्यातला तो सर्वात छोटा आणि सर्वात खरा सल्ला असावा. कंपनीच्या साहेबांना मात्र तो आवडला नाही. त्यांनी त्याला परत बोलावून घेतलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघं रेसकोर्स बागेच्या कठड्यावर बसली होती. आजूबाजूला सगळं गाव बसलेलं. वारा सुटला होता, तिची ओढणी मधूनमधून त्याच्या मनगटाला स्पर्श करून परत जात होती. हातात बर्फाचे गोळे.

"वाचली तुमची दुपार," तो म्हणाला.

"वाचली." तिने गोळ्याकडे रागाने पाहिलं. "काय उपयोग? तुम्ही जाणार हे कळल्यापासून नुसती आडवी होते. पंखा फिरतो, बाबा घोरतात, सगळं जागच्या जागी... झोप येत नाही."

"उकाडा—"

"कूलर आहे."

"मग...?"

"डोळे मिटले की तुम्ही दिसता. टाय लावून."

मितुलचा गोळा काडीवरून निसटून खाली पडला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"टाय काढला तर?"

"मितुल, मी चेष्टा करत नाहीये." आज नावापुढे भाई नव्हतं. "परीक्षेत नाही, ताईच्या लग्नात नाही, मी कधीच दुपार चुकवली नव्हती. मागचा आठवडा माझ्याकडून हिसकावून घेतला होता, तो सोड. हे मात्र... मी आपणहून घालवतेय."

आमच्या राजकोटात ह्याहून मोठी कबुली कोणी देत नाही.

मितुल म्हणाला, "मी इथेच राहिलो तर? सकाळी काम करीन, संध्याकाळी करीन. कंपनीचं नाही, माझं स्वतःचं. मोरबी, गोंडल, जेतपूर... काम मिळेल."

"आणि दुपारी?"

"दुपारचं मला काही येत नाही. शिकावं लागेल. तुझ्याकडून."

तिने मान खाली घातली. ओठांवर गोळ्याचा जांभळा रंग होता आणि त्यावर हसू, लपवायचं राहून गेलेलं.

"मी फार कडक शिकवते," ती पुटपुटली.

"चालेल."

आठच्या ठोक्याला गरम रोटला तव्यावरून खेवनाच्या ताटात पडतो, तो एक आठवडा सोडला तर इतक्या वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता. दिवे लागले, गर्दीतली पोराबाळांची कुटुंबं उठू लागली.

"आठ वाजत आले," मितुल म्हणाला. "घरी वाट बघत असतील."

"मला कळतं घड्याळ," खेवना म्हणाली, आणि बसून राहिली.