मडक्यातली अंडी

ताटलीत अर्धवट खाल्लेलं तळलेलं अंडं. मागे सरकवलेली खुर्ची. सताड उघडं दार. आणि घरची मालकीण बेपत्ता.

फौजदारबाई दारातच थांबल्या. खात्यात त्यांना मागून ‘चिमटा’ म्हणत, कारण काटा निघाल्याशिवाय त्या सोडत नसत. आज मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई अशा उन्हात किती वेळ तग धरणार? हवालदार गल्लीबोळ पालथे घालत होते. अजून एकाचाही निरोप नव्हता.

“मॅडम, काहीतरी करा हो,” बेपत्ता बाईचा भाचा म्हणाला. त्याच्या हातातली औषधाची पुडी चुरगळून गेली होती.

“पहिल्यापासून सांगा.”

“मी मावशीच्या सोबतीला राहतो. पंधरवडाभर ती तापाने पडून होती. आज ताप उतरला. उठली, भूक लागली म्हणाली. माझ्यासमोर अंडं फोडलं, तळलं, खायला बसली. मी औषध आणायला बाहेर पडलो. परत येतो तर घरात कोणी नाही!”

“डॉक्टर कोणते?”

“डॉक्टर नाही. दुकानातूनच गोळ्या आणत होतो. मावशीला डॉक्टरचं नाव खपत नाही.”

“डोकं ठिकाणावर होतं?”

“तेच तर! हल्ली सगळं विसरायची. कुठेतरी भरकटली असणार.”

“भरकटायला ती काय शेळी आहे?”

मागच्या दारातून शेजारीण आत आली. तिच्या परसात कोंबड्या होत्या, म्हणून सगळे तिला कोंबडीवाली काकू म्हणत. तिच्या पदराला अजून दाणे चिकटलेले होते.

“काकू, तुम्ही मध्ये बोलू नका,” भाचा म्हणाला.

“मी जन्मापासून मध्येच बोलते. मॅडम, हा मला घरात पाऊल टाकू देत नव्हता. आज काय ताप आहे, उद्या काय झोप लागली आहे. काल मी ठणकावून सांगितलं, उद्या डॉक्टरला घेऊन येते, दार उघडलं नाहीस तर सगळी गल्ली गोळा करते. आणि आज बघा, पाखरू उडालं!”

“तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलं?”

“ताप यायच्या आधी. म्हणजे हा सांगतो त्या तापाच्या.”

फौजदारबाई पुढे झाल्या. त्या ताटलीवर वाकल्या. पांढरं कागदासारखं पातळ पसरलं होतं. पिवळा बलक बसका, जणू कोणी तळहाताने दाबला होता. त्यांनी वास घेतला आणि नाक मुरडलं.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात वाळूने भरलेली पसरट कुंडी होती. वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं. मडक्यावर फडकं.

“हे काय?”

“मावशीचं कपाट,” काकू म्हणाली. “फ्रिजला ती शवपेटी म्हणते. अंडी ह्या मडक्यात. वाळूवर रोज पाणी शिंपायचं, मडकं गार राहतं. अंडं धुवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. टोक खाली, रुंद बाजू वर. पाणी लावायचं ते फोडायच्या आधी. भांड्यातल्या पाण्यात सोडायचं. आडवं झोपलं तर ताजं, उभं राहिलं तर आजच संपवायचं, तरंगलं तर उकिरड्यावर. मी दिलेलं अंडंसुद्धा ती पाण्यात टाकून बघते. मी म्हणते, अगं, आत्ताच घातलंय कोंबडीने! तर म्हणते, कोंबडीवर माझा विश्वास आहे, तुझ्यावर नाही.”

काकू हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

फौजदारबाईंनी वाळूत बोट खुपसलं. वाळू तळापर्यंत कोरडी ठणठणीत होती, हाताला कोमट लागणारी.

“ताप होता ना,” भाचा घाईने म्हणाला. “पाणी कोण घालणार? मला त्यातलं काही कळत नाही.”

“बरोबर आहे.” फौजदारबाई सरळ न्हाणीघरात गेल्या. साबण होता. टॉवेल होता. फळीवरच्या धुळीत मात्र एक गोल जागा स्वच्छ होती.

“काकू, मावशीचे दात?”

“सगळे विकतचे. झोपताना गोल डब्यात काढून ठेवायची. इथेच असतो तो डबा. आणि त्याचा ब्रश.”

डबा नव्हता. ब्रशही नव्हता. फौजदारबाईंची काळजी थोडी कमी झाली. पण थोडीच.

त्यांनी पातेलंभर पाणी टेबलावर आणून ठेवलं. मडकं उचललं आणि एकेक अंडं पाण्यात सोडलं. पहिलं तरंगलं. दुसरं तरंगलं. मग सगळीच पाण्यावर डोकी काढून बसली.

“तळलेलं अंडं ह्याच मडक्यातलं?”

“हो.”

“मावशीने स्वतः काढलं?”

“सांगितलं ना, माझ्यासमोर!”

“शेजारणीचं अंडंसुद्धा पाण्यात टाकून बघणारी बाई असलं अंडं तळून खाईल?”

“विसरली असेल! विसरायचीच ती सगळं.”

“बसा.”

“मी उभा—”

“बस म्हटलं ना!”

तो बसला. खुर्ची नेमकी मावशीची होती.

“तुझ्या प्रत्येक उत्तराने आधीचं उत्तर खोटं पाडलं,” फौजदारबाई म्हणाल्या. “कोरड्या वाळूला तू तापाचं कारण दिलंस. मान्य, आजारी बाई पाणी शिंपणार नाही. पण ती आज बरी होऊन उठली असती, तर तिने आधी अंडं पाण्यात टाकलं असतं. ताज्या अंड्याचा बलक तळताना फुगून उभा राहतो. ताटलीतला बघ, आडवा पडलाय. ते अंडं तिने फोडलं नाही, तू फोडलंस. पाण्याची परीक्षा तुला ठाऊकच नव्हती. मग तू म्हणालास, ती विसरली. ठीक. इतकी विसरभोळी बाई दार उघडं टाकून निघाली, आणि जाताना दातांचा डबा आणि ब्रश मात्र आठवणीने बरोबर घेतला?”

भाचा हातातली पुडी आणखीच चुरगळू लागला.

“वाट चुकणारा माणूस सामान भरत नाही. तिचं सामान कोणीतरी भरलंय. ती ह्या घरात आज नव्हती, काल नव्हती. वाळूचं पाणी तुटलं तेव्हापासूनच नव्हती. काकू डॉक्टर आणणार म्हटल्यावर तुझी पाचावर धारण बसली, आणि रिकामा पलंग दिसू नये म्हणून तू ही ताटली मांडलीस. आम्ही नाले आणि विहिरी धुंडाळत बसलो असतो. पण मारायचं असतं तर ब्रश कशाला दिला असतास? ती जिवंत आहे. कुठे आहे?”

काकूने पातेल्यातलं एक अंडं उचललं. “सांगतोस, की हे भरवू?”

भाचा कोसळला. डोळे तपासायच्या निमित्ताने त्याने मावशीला शेजारच्या शहरात नेलं होतं. घर विकायच्या कागदांवर दवाखान्याचे आहेत असं सांगून सह्या घेतल्या होत्या. मग एका वृद्धाश्रमात स्वतःची आई म्हणून, दुसऱ्याच नावाने ठेवलं होतं. जाताना तिथे सांगून आला होता, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, काय वाट्टेल ते बोलेल, नुसतं हो म्हणा.

फौजदारबाईंनी तिथेच फोन लावला.

“त्या आजी का?” वृद्धाश्रमातली बाई म्हणाली. “फार गोड आहेत. पण सारखं तेच हो. मी ह्याची आई नाही, माझं स्वतःचं घर आहे, मैत्रीण कोंबड्या पाळते. आम्ही आपलं हो हो म्हणतो.”

“त्यांना फोन द्या. लगेच.”

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. काकूने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

“कोण?” आवाज थकलेला होता, पण धार गेली नव्हती. “तुम्ही पण हो हो म्हणायला आलात का?”

“नाही, मावशी. मी पोलिसांतून बोलतेय. तुम्ही सांगताय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. तुम्हाला आणायला गाडी निघतेय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मग जरा मोठ्याने बोला,” मावशी म्हणाली. “ह्या बाईला ऐकू जाऊ दे.”